घोलवडच्या मामांची सोन्याची नळी

मला फसवलं ते माझ्या बायकोच्या मामांनी. वापीच्या व्यापाऱ्यानं नाही, भट्टीवरच्या देवजीनं नाही, चारोटीच्या दुकानदारानंही नाही. या तिघांना मी वेगवेगळ्या वेळी चोर म्हणालो आहे आणि तिघांपुढेही मला नंतर मान खाली घालावी लागली आहे. मामांना मात्र मी त्यांच्या हयातीत कधी वावगा शब्द बोललो नाही, आणि नेमकं त्यांनीच फसवलं. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत त्यांच्याइतका सरळ माणूस झाला नाही, हेही मी त्याच दमात सांगतो. ते माझ्याकडून ऐकलेलं बरं, कारण माणसाची किंमत करण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

मी घोलवडच्या वाड्यांतून चिकूच्या करंड्या सायकलवर वाहणारा माणूस. पुढं आशागडला गवती चहाचं तेल काढायची भट्टी टाकली. तलासरीच्या पाड्यांवरून गवत यायचं, भट्टीत वाफेवर शिजायचं, तेल पाण्यावर तरंगायचं, ते काढून पिंपात भरायचं आणि वापीला अत्तरवाल्यांच्या व्यापाऱ्याकडे धाडायचं. हे सगळं मी भांडून उभं केलं. गवतापासून पिंपाच्या झाकणापर्यंत कुठलीही वस्तू मी समोरच्यानं सांगितलेल्या भावानं घेतलेली नाही. बायको म्हणते, की आमच्या लग्नातही मी भटजींशी मंगलाष्टकांच्या संख्येवरून घासाघीस केली होती. हे खोटं आहे. मी फक्त विचारलं होतं.

मामा याच्या अगदी उलट. वापीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि निवृत्त होऊन घोलवडला आले, ते चिकूच्या वाडीतली माल भरायची एक खोली भाड्यानं घेऊन राहिले. लग्न केलं नव्हतं. मात्र त्यांनी एक लग्न लावून दिलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. बंद पडलेल्या एका कंपनीच्या भंगारातून त्यांनी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र उचललं होतं आणि एका कॉलेजनं मोडीत काढलेलं इन्फ्रारेडचं यंत्र. ही दोन यंत्रं त्यांनी बोटाएवढ्या काचेच्या नळीनं एकमेकांना जोडली होती. नळीला आतून सोन्याचा मुलामा होता. आमच्या सासरकडच्या मंडळींना या सगळ्या खटाटोपातलं एवढंच लक्षात राहिलं, की मामांच्या घरात सोनं आहे. दोन भाचेसुना केवळ त्या नळीपोटी त्यांना दर दिवाळीला फराळ पाठवायच्या.

ही यंत्रं काय करतात ते मामा ज्याला त्याला सांगत, आणि त्यांनी सांगितलं की मलाही कळे. ते म्हणत, ‘‘जावईबापू, महालक्ष्मीची जत्रा सुटली की सगळी माणसं एकाच रस्त्यानं निघतात की नाही? तरणी पोरं पुढं जातात. बायका खेळण्यांच्या दुकानापाशी रेंगाळतात. म्हातारे रसाच्या गाड्यावर बसतात. चारोटीच्या नाक्यावर उभं राहिलात तर एकेक टोळकं वेगळं होऊन येताना दिसेल. पहिलं यंत्र म्हणजे तो रस्ता. तुमच्या तेलाची वाफ मी एका लांबच लांब बारीक नळीतून पाठवतो. हलकं आधी येतं, जड मागून.’’

‘‘आणि दुसरं यंत्र?’’

‘‘दुसरं म्हणजे नाक्यावरचा हवालदार. जो येईल त्याचा चेहरा बघतो. डोळ्यांना न दिसणारा उजेड सोन्याच्या नळीतून सोडतो. प्रत्येक पदार्थ त्या उजेडातला आपापला वाटा खातो आणि उरलेला पुढं जाऊ देतो. काय खाल्लं यावरून तो कोण ते कळतं. नुसती वेळ बघून फसाल, कारण दोघं एका वेळी येऊ शकतात. नुसता चेहरा बघूनही फसाल, कारण भाऊभाऊ सारखे दिसतात. दोन्ही बघायचं.’’

हे तत्त्व त्यांनी यंत्रापुरतं ठेवलं असतं तर आम्ही सुखी झालो असतो. पण मामा जेवायलासुद्धा त्याच पद्धतीनं बसत. आधी नुसता भात, मग नुसतं वरण, मग भाजी, शेवटी चटणी. माझ्या सासूबाईंनी एकदा त्यांना वरणभात कालवून वाढला, तर त्यांनी हात मागं घेतला आणि अगदी नम्रपणे विचारलं, ‘‘आता यातला बिघडलाय कोण, हे मी कसं ओळखू?’’ सासूबाई दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शेजारच्या दोन वाडीवाल्या भावांचं बांधावरून भांडण झालं, तेव्हा मामांनी दोघांना एकत्र बसवायला साफ नकार दिला. एकाला पुढच्या दारानं, दुसऱ्याला अर्ध्या तासानं मागच्या दारानं बोलावलं, दोघांकडून तीच हकीकत ऐकली आणि निकाल दिला की भांडण बांधाचं नसून जावांचं आहे. ते खरंच निघालं. त्यानंतर त्यांच्याकडे भांडणं घेऊन कुणी येईना.

त्यांच्या खोलीत जाणं हा एक सोहळा असे. त्या सोन्याच्या नळीच्या दोन्ही टोकांना ज्या काचा होत्या, त्या काचा नव्हत्याच. एका प्रकारच्या मिठाच्या चकत्या होत्या. काचेतून तो उजेड जात नाही म्हणे. आता घोलवडसारख्या समुद्राकाठच्या गावात मिठाची खिडकी सांभाळायची म्हणजे विस्तवाशेजारी लोणी ठेवण्यासारखं. दमट हवा लागली की खिडकी आंधळी. म्हणून मामांच्या खोलीत बारा महिने एक दिवा जळत असे, दारात ओली छत्री, ओला टॉवेल आणि नुकतीच न्हालेली बाई यांना मज्जाव असे, आणि चहा कुणीही केला तरी तो अंगणात प्यावा लागे. बोलतासुद्धा यंत्राकडे पाठ करून बोलायचं. ओलावा शोषून घेणारे निळे खडे ते पिशव्यांत भरून यंत्रात ठेवत. ते ओलावून गुलाबी झाले, की मामा ते सुपात घालून उन्हात वाळवायला बसत. शेजारच्या अंगणात बोंबील, मामांच्या अंगणात खडे. दोन्हींवरून कावळे हाकलायचं काम मामाच करत, आणि शेजारीण त्या बदल्यात त्यांना कालवण देई. त्यातलाही रस्सा ते वेगळा पीत.

याहून मोठी अडचण म्हणजे दुसऱ्या यंत्राचा डोळा. तो कमालीचा थंड ठेवल्याशिवाय त्याला दिसत नसे आणि त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागे. तो आणायचा कुठून? मामांनी शोध लावला. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर गाईंना फळवण्यासाठी वळूचं बीज ज्या टाकीत गोठवून ठेवतात, त्या टाकीत हाच नायट्रोजन असतो. बुधवारी त्यांची टाकी भरून येई. मग ते मोटारसायकलवरून घोलवडला येत आणि मामांच्या थर्मासमध्ये उरलासुरला ओतून जात. त्याच्या बदल्यात मामा त्यांच्या औषधांच्या बाटल्या तपासून देत. अशा रीतीनं पालघर जिल्ह्यातली रसायनविद्या दर बुधवारी गाईगुरांच्या कृपेनं चाले.

आता माझ्या गोष्टीकडे येतो.

वापीच्या व्यापाऱ्यानं माझं पिंप परत पाठवलं. फोनवर म्हणाला, ‘‘शेठ, तुमच्या मालमां भेळसेळ छे. अमारा लॅबवाळा कहे छे, प्लास्टिक पातळ करायचं केमिकल आहे. अत्तरवाले असंच तेल वाढवतात. तुम्ही केलं नसेल तर तुमच्या माणसानं केलं. आता एक पण पिंप असं आलं तर आपला धंधो बंद.’’

मी फोन ठेवला आणि सरळ भट्टीवर गेलो. भट्टी देवजी चालवायचा. तलासरीकडच्या पाड्यावरचा माणूस, दहा वर्षं माझ्याकडे. गवताचा भारा हातात घेऊन त्यात किती तेल आहे ते सांगायचा, आणि माप चुकायचं नाही. गवत घेऊन त्याच्याच पाड्यावरची पंधरा-वीस माणसं तेव्हा आली होती. त्यांच्यादेखत मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. तो एवढंच म्हणाला, ‘‘शेठ, मी काही घातलं नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मग तेलाला पाय फुटले का?’’ त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, हात पुसले, फडकं दोरीवर नीट वाळत घातलं आणि चालत निघून गेला. दोरीवर वाळत घातलेल्या त्या फडक्यानं मला आणखी राग आला.

तीन आठवड्यांत बातमी सगळीकडे गेली. देवजी दुसऱ्या दोन भट्ट्यांवर काम मागायला गेला. दोन्हीकडून उत्तर आलं, की तेलात भेसळ घालणारा माणूस नको. ज्याचं नावच त्याच्या हातातल्या कसबावर चालतं, त्याचं नाव गेलं की त्यानं कुठं जायचं? हे मला माझ्या बायकोनं विचारलं. मी म्हटलं, चोरी करायच्या आधी विचार करायला हवा होता. ती गप्प बसली. ती गप्प बसली की मी सावध व्हायला हवं, हे मला लग्नाला वीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

शुक्रवारी तीच म्हणाली, ‘‘अहो, मामांकडून एकदा तपासून तरी आणा. पुरावा हातात असलेला बरा.’’

पुरावा हा शब्द मला आवडला. पिंपातल्या तेलाची बाटली घेऊन मी घोलवडला गेलो. दारात माझे पाय आणि छत्री तपासून मामांनी मला आत घेतलं, बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, ‘‘करतो. पण आज आपण सौदा करू.’’

मामांच्या तोंडून सौदा हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. मला जरा त्यांची कीवच आली. म्हटलं, ‘‘बोला मामा, काय घेणार?’’

‘‘काही नको. निकाल जो येईल, तो तुम्ही देवजीच्या पाड्यावर जाऊन मोठ्यानं वाचायचा. ज्या लोकांपुढं त्याला बोललात, त्यांच्यापुढं.’’

‘‘बस एवढंच?’’

‘‘एवढंच.’’

मी मनात म्हटलं, म्हातारा किती भोळा आहे. मी स्वतः होऊन जे करणार होतो तेच मागतोय. चोराची चोरी चारचौघांत वाचून दाखवायला मी कुणाच्या अटीची वाट बघतो? आणि सवयीप्रमाणे मी सौदा वाढवला. म्हटलं, ‘‘पाड्यावर कशाला? उधव्याच्या बाजारात वाचतो. सगळ्या तालुक्याला कळू दे.’’

‘‘नको हो, पाडा पुरे.’’

‘‘नाही मामा, बाजारातच.’’

‘‘बघा बरं. नंतर कमी करता येणार नाही.’’

‘‘शब्द दिला.’’

‘‘मग मीही दिला,’’ म्हणून मामा यंत्राकडे वळले.

त्यांनी खटके दाबले, पंखे घुरघुरले, सुईनं तेलाचा एक थेंब आत सोडला. मी कोपऱ्यात यंत्राकडे पाठ करून बसलो, कारण मला श्वास जोरात सोडायची सवय आहे. पाऊण तासानं त्यांनी दोन कागद माझ्यापुढं ठेवले. एकावर डोंगरांची रांग होती, दुसऱ्यावर एक वेडीवाकडी रेघ.

‘‘हे सगळे पुढचे डोंगर तुमच्या गवताचे. झकास तेल आहे. आणि हा शेवटी, सगळे घरी पोचल्यावर एकटा आलेला. याचा चेहरा बघा. वापीवाला खोटं बोलत नाही. हा प्लास्टिक मऊ करणाऱ्या घराण्यातलाच आहे. पण हे भाऊ पुष्कळ आहेत आणि चेहरे सगळ्यांचे सारखे. अत्तरवाले तेल वाढवायला वापरतात तो धाकटा भाऊ. तो इथं, मधेच यायला हवा होता. तिथं कुणी नाही. हा आलाय फार उशिरा. हा थोरला. जड, चिकट. याला तेलात कुणी मुद्दाम घालत नाही.’’

‘‘मग आला कुठून?’’

मामांनी खण उघडला आणि एक छोटी बाटली काढली. तिच्यात स्पिरिट होतं आणि पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचा एक तुकडा. ‘‘या नळीतून. तुकडा भिजत ठेवला, ते स्पिरिट यंत्रात घातलं. तीच वेळ, तोच चेहरा.’’

मी ती नळी ओळखली. चारोटीला मी स्वतः घेतली होती. आधी भट्टीवर तेल स्टीलच्या तोटीतून पिंपात पडायचं. तोटी गळायला लागली तेव्हा देवजी म्हणाला होता, नवी तोटी आणा. मी चारोटीच्या दुकानदाराशी अर्धा तास भांडून मऊ नळीचं भेंडोळं आणलं आणि घरी येऊन त्या सौद्याचं वर्णन दोनदा केलं. महिन्याभरानं देवजी सांगत आला होता, ‘‘शेठ, ही नळी तेलानं काठीसारखी ताठ झाली. हिच्यातलं काहीतरी जातं कुठंतरी.’’ मी म्हटलं होतं, तुला भट्टी कळते, नळी मला कळते.

माझ्या भट्टीवरच्या नळीचा तुकडा मामांच्या खणात कसा आला, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही. माझ्या कानांत फक्त उधव्याचा बाजार घुमत होता.

‘‘मामा,’’ मी म्हटलं, ‘‘पाड्यावर वाचलं तर चालेल?’’

‘‘तुम्ही शब्दाचे पक्के आहात, असं मी सगळ्यांना सांगतो,’’ मामा म्हणाले आणि निळ्या खड्यांचं सूप घेऊन अंगणात गेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी उधव्याला गेलो. सुक्या मासळीच्या रांगेशेजारी, जिथं देवजीच्या पाड्याची माणसं बसतात तिथं उभा राहिलो आणि कागद वाचला. पहिल्यांदा हळू वाचला. एक म्हातारी सुकट विकत होती, ती म्हणाली, ‘‘भांडताना आवाज बरा निघतो तुझा. आता काय झालं?’’ मग मोठ्यानं वाचला. तेल शुद्ध आहे, देवजीनं काही घातलं नाही, दोष नळीचा आहे आणि नळी मालकानं आणली. हे शेवटचं वाक्य मामांनी कागदावर लिहूनच दिलं होतं आणि त्याखाली रेघ मारली होती. मी मालकानं हा शब्द जरा गिळला. म्हातारीनं विचारलं, ‘‘कुणी आणली?’’ मी म्हटलं, ‘‘मी आणली.’’

लोक हसले. देवजी मागं उभा होता. पुढं आला, कागदाकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘शेठ, नळी बदलली का?’’

‘‘बदलली. स्टीलची तोटी बसवली.’’

‘‘मग सोमवारी येतो.’’

दोरीवरचं फडकं तोवर तिथंच होतं. ते काढायची कुणाची हिंमत झाली नव्हती, माझीही नाही.

कागदाची नक्कल वापीला गेली. व्यापाऱ्यानं ती आपल्या लॅबवाल्याला दाखवली आणि मला फोन करून विचारलं, हा कागद कोणी बनवला. त्यानंतर तोही आपल्या बाटल्या घोलवडला पाठवायला लागला. माझा धंदा वाचला, देवजी परत आला, बाकीच्या दोन्ही भट्टीवाल्यांनी त्याला बोलावणी धाडली आणि त्यानं ती मला दाखवून पगार वाढवून घेतला. भाव करायला तो माझ्याकडूनच शिकला होता. हे सगळं मामांनी दिलं. मी जे काही मिळवलं ते भांडून मिळवलं. एवढं मोठं काही मला न भांडता मिळालं, ते हे एकच.

२०१९ साली मामा गेले. आजारी न पडता, कुणाला त्रास न देता, एकटेच. तेराव्याला गुरांचे डॉक्टर आले होते. अंगणात बसून आम्ही मामांच्या आठवणी काढत होतो. मी उधव्याच्या बाजाराची हकीकत सांगितली. आता ती मीच सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना तिखटमीठ लावता येत नाही. शुक्रवारी मामांनी माझ्यासमोर तेल कसं तपासलं ते सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘‘शुक्रवारी नसेल. नायट्रोजन मी बुधवारी दिला होता. तो दुसऱ्या दिवशी उडून जातो. शुक्रवारी त्यांच्या यंत्राला काही दिसत नसणार.’’

‘‘तुम्हाला तोच आठवडा कसा आठवतो?’’

‘‘कारण त्या बुधवारी वहिनी तिथं होत्या. एक बाटली आणि नळीचा तुकडा घेऊन आल्या होत्या. आम्ही तिघांनी इथंच चहा घेतला.’’

म्हणजे निकाल बुधवारीच लागला होता. शुक्रवारी मामांनी आंधळं यंत्र चालू केलं, पाऊण तास खटके दाबले आणि बुधवारचे कागद माझ्यापुढं ठेवले. आयुष्यात वजनकाट्यावरचा दाणा इकडचा तिकडे न केलेल्या माणसानं निकाल खिशात ठेवून माझ्याशी सौदा केला. आणि वर मला भाव वाढवू दिला.

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘‘हो, मीच नेलं.’’

‘‘आणि मला सांगितलं नाहीस?’’

‘‘सांगितलं असतं तर गेला असता का उधव्याला?’’

‘‘हे मामा म्हणाले?’’

‘‘नाही, हे मी म्हणाले. मामा म्हणाले, जावईबापू जातील. आपण होऊन जातील. पण उशिरा निघतील, आणि देवजीला तेवढी सवड नाही.’’

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मी रागावलो होतो, पण कुणावर ते ठरेना.

तेव्हापासून मी हा हिशेब मनात घोळवतो आहे. मी गेलो असतो, असं त्यांना वाटत होतं. त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे, कारण तसं वाटणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. पण उशिरा म्हणजे किती? आठ दिवस, दोन महिने, की देवजी तालुका सोडून गेल्यावर? मला सौद्यात अडकवून त्यांनी देवजीला वाचवलं आणि माझी स्वतःची वेळ मला कधी कळूच दिली नाही. घोलवडची ती खोली आता बंद आहे, मिठाच्या खिडक्या केव्हाच आंधळ्या झाल्या असतील. तरी मी विचारणार. मी किती उशिरा निघालो असतो, याचा जबाब मला कुणीतरी द्यायलाच हवा.